रात्री सोडलेला जॉब सकाळी कुठं जातो?

प्रश्न : ताई, मी उचगावात राहतो. करवीर तालुक्यातल्या काही दूध संस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सर्व्हर राजारामपुरीतल्या ऑफिसात आहे, लिनक्सवर. दर दहा दिवसांनी दूधबिलं काढायची असतात. रात्री घरून एसएसएचनं (लांबच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) लॉगिन करतो, कमांडच्या शेवटी अँपरसँड (&) लावून जॉब मागं सोडतो आणि झोपतो. सकाळी परत लॉगिन करून ‘जॉब्स’ टाइप केलं की काहीच दिसत नाही. कधी बिलं झालेली असतात, कधी अर्ध्यावर पडलेली. मागच्या वेळी तर एका संस्थेच्या निम्म्या सभासदांची बिलंच नव्हती, सचिवांचा फोन सातच्या आत. जॉब चालू आहे, संपला की मेला, हे बघायचं कुठं?

उत्तर : भावा, ‘जॉब्स’वर रागवू नकोस. त्याला फक्त आपल्या शेलमधून, म्हणजे लॉगिन केल्यावर कमांडा घेणाऱ्या प्रोग्राममधून, सोडलेली कामं ठाऊक असतात. सकाळी तू नव्यानं लॉगिन केलंस, म्हणजे शेल नवा. रात्रपाळीच्या वॉचमनला काय दिसलं ते दिवसपाळीच्या वॉचमनला विचारल्यागत झालं. काही दिसलं नाही म्हणून जॉब मेला असं नाही, संपला असंही नाही. सगळ्या मशीनवर काय चाललंय ते बघायला ‘पीएस ऑक्स’ (ps aux) चालव आणि त्यात तुझ्या प्रोग्रामचं नाव शोध.

कधी होतं, कधी नाही, याचं कारण बहुतेक तू लिहिलंच नाहीस : रात्री बाहेर कसा पडतोस? ‘एक्झिट’ टाइप करून पडलास तर बॅश (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) सहसा मागं सोडलेल्या जॉबला हात लावत नाही. पण नुसता लॅपटॉप मिटलास, किंवा लाइट जाऊन घरचा राउटर बसला, की थोड्या वेळानं कनेक्शन तुटतं. मग शेलला हँगअपचा सिग्नल येतो आणि तो जाता जाता आपल्या सगळ्या जॉबना तोच वाटून जातो. (टर्मिनल टेलिफोनच्या लायनीवर चालायची तेव्हापासूनचं नाव आहे हे.) कमांडच्या आधी ‘नोहप’ (nohup) लावलास तर जॉब त्याला दाद देत नाही. मी स्वतः ‘टीमक्स’ (tmux) वापरते, कनेक्शन तुटलं तरी तो सर्व्हरवर शेल चालू ठेवतो. सकाळी परत त्याच शेलात जाता येतं, मग तुझं ‘जॉब्स’सुद्धा बोलायला लागतं.

बोलतं, पण ते नीट वाचायला हवं. मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याकडं मी एकदा संध्याकाळी बॅकअप मागं सोडला. आउटपुट लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, वळवलेलं. निघताना ‘जॉब्स’ बघितलं, यादीत नाव होतं, दुकानाला कुलूप लावून सगळे घरी गेलो. सकाळी येऊन बघते तर बॅकअपच्या फाइलीवर तारीख आदल्या आठवड्याची. यादीत नावाशेजारी ‘स्टॉप्ड’ लिहिलेलं होतं आणि मी नुसतं नाव वाचलं होतं! प्रोग्रामनं ‘जुनी फाइल पुसू का?’ असं विचारलं होतं. तो प्रश्न गेला लॉगमध्ये. आणि मागं सोडलेला जॉब कीबोर्डवरून उत्तर वाचायला गेला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला जागीच थांबवतो. ‘एफजी’ करून पुढं आणला, ‘वाय’ दाबलं, काही मिनिटांत काम झालं. अडतदार म्हणाले, “म्हणजे रात्रभर ते तुमची वाट बघत बसलंवतं?” तसंच म्हणायचं.

तेव्हापासून मी ‘पीएस’मधला ‘स्टॅट’चा रकाना आधी बघते. ‘आर’ म्हणजे पळतोय. ‘एस’ म्हणजे कशाची तरी वाट बघतोय, डेटाबेसच्या उत्तराची वगैरे, त्यात काळजीचं काही नाही. ‘टी’ म्हणजे थांबलाय, माझ्यासारखी फजिती. ‘डी’वर बराच वेळ अडकला असेल तर डिस्क किंवा नेटवर्कवरचं स्टोरेज तपास, अशा जॉबवर ‘किल’सुद्धा तोवर चालत नाही. ‘झेड’ म्हणजे मेलाय, फक्त ज्यानं सोडला त्यानं अजून नोंद घेतलेली नाही.

‘आर’ दिसला तरी बिलं पुढं सरकताहेत हे कळत नाही. म्हणून एकेका संस्थेची बिलं झाली की वेळेसकट एक ओळ लॉगमध्ये लिहायला लाव. मग ‘टेल’नं (फाइलीच्या शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) बघता येईल गाडी कुठल्या गावापर्यंत आली ते. स्क्रिप्टमध्ये बिलांची कमांड संपली की लगेच डॉलर-प्रश्नचिन्हातला ($?) आकडा त्याच लॉगमध्ये उतरव, कमांड कशी संपली ते त्यावरून कळतं. सकाळी नव्या शेलात तो मिळत नाही. ० असेल तर ठीक. १३७ असेल, म्हणजे १२८ अधिक ९ (सक्तीनं मारायच्या सिग्नलचा नंबर), तर कुणीतरी जॉबला सक्तीनं मारलंय. ते कुणीतरी बहुतेक वेळा कर्नलच असतो, मेमरी संपल्यामुळं. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये (dmesg) ते सापडतं.

आणि हो, अर्ध्यावर राहिलेली बिलं परत चालवण्याआधी, निघालेली दुबार निघणार नाहीत एवढं बघ. बँकेची यादी त्यानंतर पाठव.