जर्मन दप्तरं धुंडाळताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जर्मन भाषकांच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. घरबसल्या मूळ कागद मिळतील का, असं विचारलंस. मिळतात, भरपूर मिळतात. मात्र सगळं एकाच ठिकाणी देणारी साइट शोधत बसू नकोस. १८७१पर्यंत जर्मनी असा एक देशच नव्हता. ऑस्ट्रियाचा कारभार व्हिएन्नातून चाले, स्वित्झर्लंडचं तंत्र आणखी निराळं. ज्या सरकारच्या, ज्या कचेरीच्या हातून कागद निघाला, तिच्या वारसाकडे तो आज सापडतो. म्हणून आधी विचार कर, हे लिहून कोणी ठेवलं असेल? मग लॅपटॉप उघड.

सुरुवात वर्तमानपत्रांपासून कर. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘आनो’ हे जुन्या वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ २००३पासून चालू आहे आणि फुकट आहे. जर्मनीचं तसंच ‘डॉइचेस त्साइटुंग्सपोर्टाल’ २०२१मध्ये आलं. ज्यू समाजाची नियतकालिकं फ्रांकफुर्ट विद्यापीठाच्या ‘कॉम्पॅक्ट मेमरी’त आहेत.

हात बसावा म्हणून एक विषय देते. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने डॉक्टरांचं पथक मुंबईला पाठवलं. त्यांनी परतताना अभ्यासासाठी जंतू सोबत नेले. ऑक्टोबर १८९८मध्ये व्हिएन्नातल्या प्रयोगशाळेतला नोकर फ्रान्झ बारिश प्लेगने गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हर्मान म्युलर स्वतः मुंबईच्या पथकात होते; काही दिवसांत तेही गेले, आणि पाठोपाठ एक परिचारिकाही. आनोवर त्या महिन्याचं ‘नॉये फ्राये प्रेसे’ हे वर्तमानपत्र काढ आणि त्याच तारखांचं समाजवादी ‘आर्बायटर-त्साइटुंग’ शेजारी ठेव. नोकराबद्दल किती ओळी आहेत, डॉक्टरांबद्दल किती, दोष कोणावर येतो, हे रोजच्या रोज टिपत जा. कुठलंही तयार पुस्तक हाती घेण्याआधी हे कर, असा माझा आग्रह आहे.

शब्द टाकून शोधताना मात्र फार जपून. फ्राक्टुर, म्हणजे जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांच्या छपाईत लांब ‘एस’ आणि ‘एफ’ यांत एका बारीक रेघेचा फरक असतो. स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं मशीन हमखास फसतं, आणि पाण्याचा ‘वासर’ यादीत ‘वाफर’ होऊन बसतो. काहीच हाती लागलं नाही तर ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून बघ. १९०१च्या शुद्धलेखन परिषदेआधी कितीतरी शब्दांत ‘टी’पुढे ‘एच’ लिहीत, तेही करून बघ. गावांची नावं त्या काळची घाल: आजचं व्रोत्सवाफ तेव्हा ब्रेस्लाउ, ल्विव्ह तेव्हा लेम्बर्ग. एवढं करूनही अडलीस तर शोध सोड आणि तारीख धरून पानं उलट.

हस्तलिखितांची गोष्ट वेगळी. कुरेंट ही जुनी हस्तलिपी म्हणजे जर्मनांची मोडीच. हस्ताक्षर वाचणारं ‘ट्रान्सक्रिबुस’ हे सॉफ्टवेअर बरंच वाचून देतं, पण ते काय चुकलं हे कळायला तुला स्वतःला अक्षर लागायला हवं. रोज अर्धं पान लावत जा.

सरकारी दप्तरांसाठी ‘आर्काइव्हपोर्टाल-डी’ आणि बुंडेसआर्काइव्हचं, म्हणजे जर्मन केंद्रीय दप्तरखान्याचं, ‘इन्व्हेनिओ’ ही संकेतस्थळं बघ. तिथे बहुतेक वेळा कागदांची फक्त सूची दिसते, स्कॅन नाही. तेवढ्यावरून हिरमुसू नकोस. सूचीतला क्रमांक, म्हणजे ‘सिग्नाटूर’, तिथल्या तिथे वहीत उतरव. पुढचं सगळं त्यावरच चालतं. काही गोष्टी मात्र उरलेल्याच नाहीत. एप्रिल १९४५च्या बॉम्बहल्ल्यात पॉट्सडामचं लष्करी दप्तर जळालं आणि प्रशियन सैन्याचे बहुतेक कागद त्यात गेले. म्हणून पहिल्या महायुद्धावर काम करणारे म्युनिकमधल्या बव्हेरियाच्या लष्करी दप्तराकडे वळतात. असं एखादं भगदाड दिसलं, तर ते का पडलं हेही प्रबंधात लिही.

जर्मन दप्तरांत भारताविषयी काय आहे, याची नोंद ‘मिडा’ या प्रकल्पाने केली आहे, १७०६ ते १९८९ या काळाची. पुढेमागे विषय इकडे वळला तर तिथून आरंभ कर.

आणि दप्तरखान्यांना ईमेल लिहायला बिचकू नकोस. थोडक्यात, जर्मनमध्ये, सिग्नाटूर देऊन आणि नेमकं काय हवं ते सांगून लिही. पैसे पडत असतील तर स्कॅन करण्याआधी दर विचार. पहिल्या ईमेलचा मसुदा मला पाठव, रविवारपर्यंत बघून ठेवते.

तुझी,
बाई