माँ ब्लाँच्या आधी ग्रान पारादिसोवर दोन रात्री झोपा

तुम्ही तिघे मित्र, दोघे पुण्याहून निघणार, तिसरा म्युनिकहून. हाताशी नऊ दिवस. फ्रान्समधल्या शामोनी गावाहून केबल कारने दोनदा एग्वी द्यु मिदी या शिखरावर जाऊन आलो तर आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या गूते वाटेसाठी (चढाईची नेहमीची वाट) शरीर तयार होईल का, असं विचारलंत. माझं स्पष्ट मत आहे, नाही होणार.

शामोनी १,०३५ मीटरवर, मिदी ३,८४२. वीसेक मिनिटांत वर, दोन तास थांबून खाली. एवढ्यात शरीर बदलत नाही. उंचीवर श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदू उलट श्वासाला आवर घालू लागतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हे जुळवून आणतात, पण त्याला काही दिवस लागतात. म्हणून किती उंच जाऊन आलात यापेक्षा कुठे झोपलात हे महत्त्वाचं. दर आठवड्याला कळसूबाई केल्याने दम वाढेल, जरूर करा, पण १,६४६ मीटरवर उंचीची सवय होत नाही.

त्यापेक्षा माँ ब्लाँच्या बोगद्यातून इटलीत उतरा आणि ग्रान पारादिसो हे शिखर करा. उंची ४,०६१ मीटर. पोंत गावातून (१,९६० मीटर) दोन-अडीच तासांत व्हित्तोरियो इमान्युएले हट (डोंगरावरचं मुक्कामाचं घर) येते, २,७३५ मीटरवर. पहिली रात्र तिथे. दुसऱ्या दिवशी हिमनदीच्या कडेपर्यंत जाऊन क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे बर्फाचे काटे) आणि रोपचा सराव, मुक्कामाला परत त्याच हटवर. तिसऱ्या दिवशी पहाटे शिखर, मग थेट खाली. एक दिवस खोऱ्यात पूर्ण आराम, मग माँ ब्लाँच्या वाटेवरच्या तेत रूस (३,१६७ मीटर) आणि गूते (३,८३५ मीटर) या हट, आणि शिखर. हवामानासाठी जेमतेम एक दिवस उरतो, म्हणून जमलं तर रजा दोन दिवसांनी वाढवाच.

आता खरं सांगायचं ते. आम्ही चौघे होतो, सह्याद्रीत वर्षानुवर्षं एका दोरावर चढलेले. दुसऱ्या रात्री हटवर एकाने सूप तसंच ठेवलं. "प्रवासाचा शीण आहे रे," म्हणाला आणि लवकर आडवा झाला. झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबायचा, मग एकदम जोरात सुरू व्हायचा. उंचीवर हे बऱ्याच जणांना होतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पहाटे तीनला हेडलॅम्पच्या उजेडात तो क्रॅम्पॉनचा पट्टा बकलमध्ये ओवत बसला होता. तीनदा चुकला. हाच माणूस अंधारात, ओल्या दोराला बिनचूक गाठ मारणारा! खोदून विचारल्यावर कळलं, संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं. आमची मोहीम मोडू नये म्हणून गप्प राहिला. मी त्याला घेऊन पोंतला उतरलो. दुपारी तो पोटभर जेवला. त्या वर्षी माँ ब्लाँ राहिलं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मित्रांमध्ये हीच अडचण असते, कोणालाच दुसऱ्याचा बेत बिघडवायचा नसतो. म्हणून नियम पुण्यातच ठरवा. रोज संध्याकाळी प्रत्येकाने स्वतःहून सांगायचं: डोकं, भूक, मळमळ, चक्कर. डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर उतरायचं. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगा. तुमचा म्युनिकचा मित्र आधीचे शनिवार-रविवार आल्प्समध्ये झोपून येईल, तो पुढे पळणार. चाल मात्र पुण्याच्या दोघांची ठेवा.

गूते हटचं आरक्षण आधी मिळवा, कारण बाकीच्या तारखा त्यावरून मागे मोजायच्या आहेत. आणि तेत रूसहून भल्या पहाटे निघा. पुढे ग्रँड कुलुआर ही उभी घळ ओलांडावी लागते. ऊन चढलं की तिथे वरून दगड सुटतात. तिथे पाय भराभर उचलले जायला हवेत, आणि त्याची तयारी तुम्ही पारादिसोवर केलेली असेल.