वाचकांचे प्रश्न: सिमसारखी लाईटची कंपनी बदलता येईल का?

प्रश्न (अमळनेरहून): भाऊ, माझा पुतण्या मुंबईला अंधेरीत राहतो. तो म्हणतो काका, आमच्याकडे लाईटची कंपनी बदलता येते. इकडे आम्हाला महावितरणशिवाय कोणी नाही. वीज नियामक आयोग (विजेचे दर ठरवणारी सरकारी संस्था) दर बांधून देतो म्हणून इकडे स्पर्धा होत नाही असं एकाने सांगितलं, ते खरं का? दर मोकळे सोडले तर बिल कमी होईल ना?

उत्तर: पुतण्या खरं सांगतोय. मुंबई उपनगरात टाटा आणि अदानी दोघांकडे परवाना आहे. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने टाटाला घरगुती ग्राहकालाही वीज विकता येते असं सांगितलं आणि पुढे लोक इकडून तिकडे जायला लागले. पण बऱ्याच घरांत वायर जुन्याच कंपनीची राहिली, वीज फक्त दुसऱ्याची, आणि त्या वायरचं भाडं, ज्याला बिलात वहन आकार म्हणतात, ते ग्राहकच भरतो. आणि दर तिथेही आयोगच ठरवतो. २००३ च्या वीज कायद्यात, कलम ६२ मध्ये, सरळ लिहिलंय की एका भागात दोन परवाने असतील तर स्पर्धा व्हावी म्हणून आयोग फक्त कमाल मर्यादा ठरवू शकतो, त्याच्या खाली कंपन्यांनी हवं तेवढं उतरावं. तेव्हा दर बांधल्यामुळे स्पर्धा होत नाही हे काही पटत नाही भो.

आता मोकळं सोडल्यावर काय होतं ते इंग्लंडात बघा. तिथे १९९८-९९ पर्यंत घरगुती ग्राहकाला कंपनी निवडता यायला लागली आणि २००२ पर्यंत दरावरचं नियंत्रण काढून टाकलं, की आता स्पर्धाच भाव खाली ठेवेल. पण लोक कंपनी बदलेनात. नोकरी, पोरं, म्हातारे आईबाप, यात कोण बसून दहा कंपन्यांचे दर जुळवतो? मोठ्या सहा कंपन्यांचे ७० टक्क्यांच्या आसपास ग्राहक आपोआप लागू होणाऱ्या महागड्या दरावरच पडून राहिले आणि नव्या ग्राहकाला स्वस्त दर दाखवून ओढायचं काम चालू. तिथल्या स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये हिशोब मांडला की ग्राहक वर्षाला सरासरी १.४ अब्ज पौंड जास्त भरत होते. शेवटी २०१८ ला कायदा करून १ जानेवारी २०१९ पासून पुन्हा कमाल दर आणावा लागला. ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, अख्ख्या बिलावर नाही, जास्त वापरलं तर बिल वाढणारच.

आता मर्यादा आणली म्हणून सगळं सुटलं असंही नाही. २०२१ मध्ये गॅसचा भाव भडकला, तिथे बरीच वीज गॅसवर होते, म्हणून घाऊक भाव, म्हणजे कंपनी स्वतः ज्या भावाने वीज घेते तो, मर्यादेच्या वर गेला, आणि ज्या छोट्या कंपन्यांनी वीज आधी खरेदी करून ठेवली नव्हती त्या एकामागे एक बसल्या, तीसच्या आसपास. बल्ब नावाची एक कंपनी तर १५ लाखांहून जास्त ग्राहकांची होती, ती सरकारला सांभाळावी लागली. बुडालेल्यांचे ग्राहक दुसरीकडे हलवायचा खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. मला यातून एवढंच दिसतं की मर्यादा हवीच, पण ती घाऊक भावाबरोबर हलली पाहिजे, आणि ज्याच्या खिशात दम नाही त्याला परवानाच देऊ नये.

आणि टेक्सासचं तर ऐकूनच पोटात गोळा येतो. तिथे काही लोकांनी घाऊक भावाला जोडलेला दर घेतला होता, एरवी स्वस्त पडायचा. २०२१ च्या फेब्रुवारीत थंडीची लाट आली आणि घाऊक भाव एका युनिटला ९ डॉलरवर गेला, म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपये! थोड्या दिवसांचं बिल हजारो डॉलर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलर बंद ठेवायची वेळ आली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होईल, याचा विचार करा.

आता खान्देशचं. समजा उद्या दुसरी कंपनी आली, तर ती आधी कुठे जाईल? जळगाव एमआयडीसीतल्या दाळ मिलकडे, धुळ्याच्या कारखान्याकडे, कारण ते खर्चापेक्षा जास्त दर भरतात, त्याच जादा पैशातून बाकीच्यांचा दर कमी ठेवला जातो, आणि बिलही वेळेवर भरतात. रावेर-यावलच्या केळीच्या पंपाकडे किंवा सातपुड्यातल्या पाड्याकडे कोण जाईल? साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे, तो पैसा सरकारने द्यायचा. मोठे ग्राहक निघून गेले की उरलेल्या घरगुती माणसावर बोजा येईल, ही माझी खरी काळजी आहे. २०२२ ला लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात यासाठी वेगळा निधी ठेवायची आणि कमाल दरासोबत किमान दरही ठरवायची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं होतं.

आणखी एक, जळगावचे लोक मला म्हणतात आपण खासगी बघून झालो. २०११ ते २०१५ शहर फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणने काम सोपवलेल्या खासगी कंपनीकडे होतं, बरोबर, पण ती स्पर्धा नव्हती भाऊ. दुकान तेच, गल्ल्यावर बसणारा दुसरा, दर महावितरणचाच.

प्रश्न (भुसावळहून): ३०० युनिटच्या वर गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं का?

उत्तर: नाही ताई. ३१० युनिट झाले तर पहिले १०० पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने, आणि फक्त वरचे १० तिसऱ्या दराने. मागच्या मे मध्ये आमच्याच घरी यावरून भांडण झालं, आई दुपारी कूलर बंद करून बसलेली, अंगावर ओला टॉवेल, का तर ३०० ओलांडायला नको. मी बिल घेऊन पाटावर बसलो आणि खडूने फरशीवर एकेक टप्पा मांडून दाखवला तेव्हा तिने कूलर लावला.

आणि दरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा आयोग लोकांच्या हरकती मागवतो, मराठीत लिहिलेल्या चालतात, नाशिकलाही जनसुनावणी होते. अमळनेरवाल्या भाऊंनी पुढच्या वेळी नक्की लिहावं, कच्चा मसुदा मला पाठवा, मी बघून देतो.