जुनं, चार बिऱ्हाडांचं घर घेण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. लहान शहरात चार बिऱ्हाडांचं जुनं घर घ्यायचं, एका बिऱ्हाडात स्वतः राहायचं आणि बाकी तिघांच्या भाड्यातून हप्त्याला हातभार लावायचा, हा विचार मला मनापासून आवडला. पगार बेताचा असताना स्वतःचं छप्पर मिळवायचा हा चांगला मार्ग आहे. पण तुझे सगळे प्रश्न किंमत, व्याज आणि कर्ज यांबद्दलचे आहेत. घराबद्दल जवळजवळ एकही नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

अशा घरात छप्पर, पाण्याची मुख्य वाहिनी, मैलावाहिनी, विजेची जोडणी आणि जिना सगळ्यांत मिळून एकच असतात. त्यातलं एक बिघडलं की चारही कुटुंबांचे हाल एकाच दिवशी सुरू होतात आणि खर्च एकट्या मालकावर येतो. त्यामुळे नवा रंग, नवी फरशी यांकडे सगळ्यात शेवटी बघ.

पहिली पाहणी जोरदार पाऊस होऊन गेल्यावर कर. वरच्या मजल्याचं छत, न्हाणीघरामागची भिंत आणि जिन्याखालचा कोपरा हाताने चाचपून बघ. छतावर डाग असेल तर पाणी छपरातून किंवा वरच्या नळातून येतं. भिंतीच्या पायथ्यापासून कमरेपर्यंत ओल असेल तर बहुधा ती जमिनीतून चढलेली असते. जुन्या वीट-चुन्याच्या भिंती ही ओल हळूहळू बाहेर सोडतात. विक्रीच्या घाईत कोणी त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला तर ती आतच कोंडते, क्षार फुलतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. जुन्या भिंतीला खालच्या भागात तेवढाच ताजा गिलावा दिसला तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांची फार काळजी नको. पण खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यांसारखी तिरकी गेलेली आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग पाया खचल्याची असू शकते. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्वतः पैसे देऊन बोलाव. विक्रेत्याने आणलेल्या माणसाच्या अहवालावर विसंबू नकोस.

वरचे आणि खालचे नळ एकदम सोडून बघ. धार बारीक झाली तर लोखंडी नळ आतून गंजलेले असू शकतात. जस्ताचा थर दिलेले असे नळ साधारण ४०-५० वर्षं टिकतात. मैलावाहिनीत कॅमेरा सोडून तपासणी करून घे. वायरिंग बहुधा काही दिवे आणि पंखे एवढ्याच हिशोबाने केलेलं असेल. चार घरांत २ किलोवॅटचे हीटर एकाच वेळी लागले तर २३० व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास भार येतो, बाकी उपकरणांचा भार वेगळाच. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा मीटर आहे का, तेही बघ. नसेल तर बिलावरून वाद होणारच. जुना रंग कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी घातली तीही १९७८ मध्ये. घरात लहान मुलं असतील तर हे विसरून अजिबात चालणार नाही.

आता माणसांकडे वळतो. विक्रेता सांगतो ते भाडं आणि हातात पडतं ते भाडं यांत फरक असतो. मागच्या १२ महिन्यांच्या पावत्या किंवा बँकेचे उतारे माग. प्रत्येक कुटुंबाला वेगवेगळं भेट आणि भाडं किती, अनामत किती, ती कोणाकडे आहे, तोंडी काय ठरलं आहे हे विचारून त्यांच्या सहीनिशी लिहून घे. घराची दुखणी त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसतात. भाडेकरूंना कायद्याचं संरक्षण किती आणि कागदोपत्री चार बिऱ्हाडांना परवानगी आहे की दोनच, हे बयाणा देण्याआधी स्थानिक वकिलाकडून समजून घे. तिथे वर्षानुवर्षं संसार केलेलं कुटुंब असेल तर ‘यांना काढून भाडं वाढवू’ या गृहीतावर सौदा करू नकोस. ते लोक राहतात असं धरूनच हिशोब जमला पाहिजे.

हिशोब असा मांड. तीन बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं ३६०० धर. त्यातलं निम्मं कर, विमा, दुरुस्ती आणि रिकामे महिने यांत जातं असं समज. उरले १८००, म्हणजे महिन्याला १५०. हप्ता २५० असेल तर १०० खिशातून जातील. ते आज भरतोस त्या भाड्यापेक्षा कमी आहेत का? सगळी शिल्लक सुरुवातीच्या रकमेत ओतू नकोस. सहा महिन्यांचे हप्ते आणि छपराच्या दुरुस्तीएवढे पैसे हाताशी राहत नसतील तर हे घर आत्ता घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहराचाही विचार कर. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या यंगस्टाउनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ रोजी पोलादाचा मोठा कारखाना बंद होत असल्याचं जाहीर झालं. पाठोपाठ इतरही बंद पडले. १९७० मध्ये सुमारे १,४०,००० असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ६०,००० च्या आसपास उरली. तिथे घर स्वस्त होतं, पण भाडेकरू कुठून आणणार? तुझ्या शहरात पगार कोण देतं ते बघ: एकच कारखाना, की रुग्णालय, महाविद्यालय, सरकारी कचेऱ्या असं बरंच काही?

पावत्या आणि इंजिनिअरचा अहवाल हाती आला की मला पाठव. बयाण्याची तारीख त्यानंतरचीच ठरव; विक्रेता तेवढंही थांबायला तयार नसेल तर मला आधी फोन कर.

तुझा हितचिंतक