वाचकांचे प्रश्न : जुन्या स्लाइड्ससाठी कोणते यंत्र घ्यावे?

प्रश्न : वडिलांनी काढलेल्या ३५ मिलिमीटरच्या सुमारे ७०० रंगीत स्लाइड्स संगणकावर घ्यायच्या आहेत. स्लाइड सरकवून बटण दाबायचे असे ‘२२ मेगापिक्सेल’चे छोटे यंत्र सर्वांत स्वस्त आहे, ‘६४०० डीपीआय’चा (इंचाला ६४०० बिंदू नोंदवणारा) फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर त्याहून महाग आणि ‘७२०० डीपीआय’चा फिल्म स्कॅनर आणखी महाग. खर्च बेताचाच करायचा आहे, काय घ्यावे?

उत्तर : खोक्यावर छापलेल्या या तीन आकड्यांवर विसंबून खरेदी करू नये. ६४०० डीपीआयचा घरगुती फ्लॅटबेड तेवढे बिंदू नोंदवतो खरा, पण त्यातून प्रत्यक्ष उतरणारा तपशील साधारण १५०० ते २००० डीपीआयइतकाच असतो. स्लाइडवरचे चित्र अवघे २४ बाय ३६ मिलिमीटरचे असल्यामुळे या हिशेबाने हाती येतात तीन ते साडेपाच मेगापिक्सेल. बाकीच्या बिंदूंनी फक्त फाइल फुगते. फिल्म स्कॅनरच्या ७२०० पैकीही निम्मेच खरे धरावेत, मात्र ते निम्मे म्हणजे सुमारे १७ मेगापिक्सेल होतात, आणि कॅमेरा हातात धरून काढलेल्या बहुतेक स्लाइड्समध्ये याहून अधिक तपशील मुळातच नसतो.

छोट्या यंत्रात एक लहान सेन्सर, ठरावीक भिंग आणि मागे दिवा एवढेच असते, आणि त्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा सॉफ्टवेअरने वाढवलेला असतो. परंतु त्याची खरी अडचण छटांची आहे. झाडाच्या सावलीत बसलेली माणसे आणि मागे उन्हाने भरलेले आकाश, अशी एखादी स्लाइड दिव्यासमोर धरून पाहा. सावलीतल्या चेहऱ्यावरचे डोळे, कपाळावर आलेली केसांची बट, सारे दिसते. हीच स्लाइड स्वस्त यंत्रातून काढली की चेहरा काळाठिक्कर आणि आकाश पांढरेफटक होण्याचा संभव असतो, कारण स्लाइडवरील सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांतले अंतर कागदी फोटोपेक्षा पुष्कळ जास्त असते आणि ते पेलण्याची त्या सेन्सरची ताकद नसते. एकदा निसटलेला हा तपशील नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. फोटो फक्त मोबाइलवर घरच्यांना पाठवायचे असतील तर हे यंत्र चालेल. वडिलांचे काम जपून ठेवायचे असेल तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे भिंगे बदलता येणारा डिजिटल कॅमेरा असल्यास दर्जा राखून सर्वांत कमी खर्चाचा मार्ग तोच आहे. त्याला वापरलेले मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढण्याचे) भिंग, स्लाइड धरणारा अडॅप्टर आणि रंग नीट दाखवणारे, म्हणजे ९५ किंवा त्याहून अधिक सीआरआय असलेले एलईडी पॅनेल जोडले की पुरते. प्रकाशासाठी मोबाइलचा पडदा वापरून स्लाइड त्याला चिकटवून ठेवू नये, कारण पडद्याचे बारीक ठिपके चित्रात उतरतात. स्लाइड आणि सेन्सर एकमेकांना नेमके समांतर करण्यात पहिला दिवस जातो, पण त्यानंतर एकेका स्लाइडला काही सेकंदच लागतात. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये घ्यावेत.

कॅमेरा नसेल तर फिल्म स्कॅनर घ्यावा. धूळ काढण्याची इन्फ्रारेड सोय सुरू असताना चांगल्या प्रतीला एका स्लाइडमागे चार मिनिटे धरली, तरी ७०० स्लाइड्सना सुमारे ४७ तास लागतात. म्हणून आधी दिव्याच्या पेटीवर निवड करावी. जवळजवळ सारखीच चित्रे आणि हललेले फोटो वगळले की काम पुष्कळ हलके होते. स्कॅनर वापरलेलाही चालेल, पण जुन्या यंत्रांच्या जोडण्या आणि ड्रायव्हर (यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) आजच्या संगणकावर चालतात का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. मूळ ड्रायव्हर मिळत नसल्यास व्ह्यूस्कॅनसारखे सॉफ्टवेअर अशी बरीच यंत्रे चालवते. काम संपल्यावर स्कॅनर पुन्हा विकता येतो, हेही खर्चाच्या हिशेबात धरावे.

इन्फ्रारेड सोयीसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवरचे फिल्मचे नाव वाचा. रंगीत फिल्ममधले रंग सहसा इन्फ्रारेड किरण अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात, आणि त्या फरकावरून स्कॅनर डाग ओळखून भरून काढतो. १९३५ पासून २००९ पर्यंत विकल्या गेलेल्या कोडॅक कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मवर ही युक्ती भरवशाची नाही. तिथे चित्रातला खरा तपशीलही धूळ समजून पुसला जाऊ शकतो. चौकटीवर नाव नसेल तर स्लाइड तिरकी करून कमी चकाकणारी बाजू उजेडात पाहावी. कोडाक्रोमवर चित्राच्या कडा किंचित उठावदार दिसतात. अशा स्लाइड्स रबरी फुग्याच्या हवेने झटकून इन्फ्रारेड बंद ठेवूनच स्कॅन कराव्यात.

प्रश्न : प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र पाडून त्याचा फोटो काढला तर यंत्र घेण्याची गरजच पडणार नाही ना?

उत्तर : चित्र मिळेल, पण ते मध्यभागी उजळ, कडांना अंधारलेले आणि कोनामुळे तिरके असेल, शिवाय भिंतीचा पोत त्यात दिसेल. दुसरे म्हणजे, नेम आणि फोकस साधेपर्यंत स्लाइड तीव्र प्रकाशात राहते, आणि अंधारात दीर्घकाळ टिकणारे कोडाक्रोमचे रंग प्रोजेक्टरच्या प्रकाशात मात्र लवकर फिके पडतात.