वारीला पहिल्यांदाच निघालेय, पाय टिकतील का?

प्रश्न: ताई, वय ४६, बँकेत बैठं काम. यंदा माऊलींच्या पालखीसोबत आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचंय. तयारी कशी करू?

उत्तर: अगं जा, नक्की जा! पण आजपासूनच चालायला लाग, आधी रोज ४-५ किलोमीटर आणि मग रविवारी १५-२०, कारण पुणे ते सासवड हा टप्पा ३० च्या आसपास जातो आणि त्यातच दिवे घाट येतो, तिथेच नवख्यांचे पाय बोलायला लागतात. नवे कोरे बूट अजिबात नकोत, महिनाभर वापरून मऊ झालेलेच घाल. पहिल्या वर्षी मी ओले मोजे तसेच घालून चालले आणि सासवडला टाचेवर लिंबाएवढा फोड, पुढे लोणंदपर्यंत लंगडत गेले गं. म्हणून मोज्यांचे तीन-चार जोड घे, सकाळी बोटांच्या मधे खोबरेल चोळ, फोड आला तर फोडू नकोस. दिंडीत आधीच नाव नोंदव, म्हणजे जड सामान ट्रकमध्ये जातं, पाठीवर फक्त पाणी, मीठ-साखर, रोजच्या गोळ्या आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांना आधी दाखव. आणि दुपारी विसाव्याला बूट काढून पाय वर करून पड, लाजू नकोस, सगळेच पडतात.