शिक्कामोर्तबातलं 'मोर्तब' म्हणजे काय?

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. कोर्टाजवळ त्या प्रतिज्ञापत्रं, करारनामे टाइप करून देतात. त्या विचारतात, "शिक्का समजला, पण शिक्कामोर्तबातलं मोर्तब काय असतं? पाणीबिणी, चहाबिहासारखं ते नुसतं जोडीला आलंय का? आणि सिंहांच्या चित्राला राजमुद्रा म्हणायचं की बोधचिन्ह?"

ताई, मोर्तब हे 'बिणी-बिहा'सारखं नाही. उलट त्या जोडीत जास्त वजन त्याचंच आहे. अरबीतल्या 'मुरत्तब'चा अर्थ नीट लावलेलं, सिद्ध केलेलं. फारसीत त्याला 'शुद' म्हणजे 'झालं' हे क्रियापद जोडलं, की 'मुरत्तब शुद', सिद्ध झालं. आपल्या दफ्तरी मराठीत त्याचं 'मोर्तब सुद' झालं आणि जुन्या मोडी पत्रांच्या अखेरीला ते जाऊन बसलं. पुढे पत्राच्या शेवटी उठवायच्या छोट्या शिक्क्यालाच मोर्तब म्हणू लागले.

म्हणजे शिक्का आणि मोर्तब हे दोन वेगळे ठसे. शिवाजी महाराजांचं पत्र डोळ्यांपुढे आणा. वर, मजकुराच्या डोक्याशी, ती अष्टकोनी मुद्रा: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥' हे पत्र कोणाचं, ते ही मुद्रा सांगते. मग मजकूर. आणि मजकूर जिथे थांबतो तिथे लगेच खाली दुसरा लहान ठसा: 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे ही मर्यादा शोभते आहे. पेशव्यांच्या पत्रांवर याच जागी 'लेखनसीमा' असा ठसा दिसतो. लिहिणं इथे संपलं, याच्या खाली कोणी एक ओळ जरी वाढवली तरी ती आमची नव्हे, हे सांगायचं काम मोर्तबाचं.

म्हणूनच 'उमेदवारीवर जवळपास शिक्कामोर्तब' असला मथळा वाचला की मला फार खटकतं. मोर्तब म्हणजेच शेवट. तो जवळपास कसा होईल? एकतर झाला, नाहीतर नाही झाला.

शिक्क्याची गंमत आपल्या नागपुरात जास्त कळते, कारण इथे मराठी-हिंदी एकाच वाक्यात नांदतात. हिंदीत सिक्का म्हणजे नाणं, मराठीत शिक्का म्हणजे ठसा. मूळ अरबी 'सिक्का' हा नाणं पाडायचा साचा. एका भाषेने साच्यातून निघालेली वस्तू उचलली, दुसरीने साच्याची छाप. मोहोरेचं तेच. फारसी 'मुह्र' म्हणजे ठसा, आणि त्याच नावाचं सोन्याचं नाणं. संस्कृत मुद्रेचंही तेच. ती बोटातली ठशाची अंगठी, तीच छाप, तेच चलन. तीन भाषांतले तीन शब्द ठसा आणि पैसा या दोन्ही घरी फिरून आले, कारण दोन्ही कामं एकच: उलटं कोरायचं, दाबायचं, की सुलटं उमटतं आणि त्याला मोल येतं. (आंब्याचा मोहोर मात्र यातला नाही. तो संस्कृत 'मुकुल'चा वंशज.) आपल्याकडे बोलताना सर्रास 'ठप्पा मारून आणा' म्हणतात, तेही चुकीचं नाही. कापडावर छपाई करणाऱ्याच्या हातात असतो तोच हा ठप्पा.

सीताबर्डीवर रबरी शिक्के करून देणाऱ्याकडे मी एकदा तयार होत असलेला शिक्का हातात घेऊन पाहिला. 'सचिव' ही तीन अक्षरं उजवीकडून डावीकडे, वेलांटी भलत्याच बाजूला. वाचताच येईना. त्याने पॅडवर टेकवून रद्दी कागदावर दाबला, आणि झटक्यात सगळं जागच्या जागी! मुद्रा या शब्दाचा खरा अर्थ मला त्या कागदावर कळला. मुद्रा म्हणजे चित्र नव्हे, मुद्रा म्हणजे उमटणं. छापखान्याला मुद्रणालय म्हणतात ते यामुळेच.

आता जरा रामटेककडे चला. तिथून जवळच नगरधन, म्हणजे वाकाटक राजघराण्याची जुनी राजधानी नंदिवर्धन. वाकाटक राजांचे ताम्रपट म्हणजे भोक पाडलेले तांब्याचे पत्रे, भोकांतून ओवलेली तांब्याची कडी आणि कडीला मुद्रा. मधला पत्रा काढायचा किंवा नवा घालायचा तर कडी तोडावी लागणार. मोर्तबाचंच काम, शिवरायांच्या सुमारे बाराशे वर्षं आधीचं. पाचव्या शतकातल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या मुद्रेवर लिहिलंय: 'वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः । राज्ञः प्रवरसेनस्य शासनं रिपुशासनम् ॥' वाकाटकांचं भूषण, वंशक्रमाने राज्यलक्ष्मी लाभलेला राजा प्रवरसेन, त्याचं हे शत्रूंना शासन करणारं शासन. शासन म्हणजे राजाज्ञा आणि शासन म्हणजे शिक्षा, दोन्ही एका ओळीत. तुम्ही रोज टाइप करता त्या 'शासन निर्णया'तलं शासन हेच. शिवरायांची मुद्राही याच अनुष्टुभ छंदात आहे, ही परंपरा किती लांबची आहे ते पाहा.

त्याच प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता, राज्य सांभाळणारी राणी. पुण्याला मिळालेल्या तिच्या ताम्रपटावरच्या मुद्रेत तिचं नाव नाही, 'जनन्या युवराजस्य' आहे, युवराजाची आई. पण अलीकडे नगरधनच्या उत्खननात एक मातीचा ठसा सापडला. अंडाकृती, वजन साडेसहा ग्रॅमपेक्षा कमी. त्यावर शंख आहे आणि ब्राह्मी लिपीत तिचं स्वतःचं नाव. मातीच्या एवढ्याशा गोळीवर ते नाव टिकून राहिलं, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

राहिले सिंह. सारनाथच्या अशोकस्तंभाचा हा शीर्षभाग, सिंह चार, समोरून दिसतात तीन. खाली 'सत्यमेव जयते', मुंडकोपनिषदातलं. देशाने हे चिन्ह 26 जानेवारी 1950 रोजी स्वीकारलं. सारनाथ हे बुद्धाच्या पहिल्या धम्मचक्रप्रवर्तनाचं ठिकाण, त्यामुळे सिंहांखालचं चक्र नागपूरकराला परकं वाटायला नको. 14 ऑक्टोबर 1956 नंतर धम्मचक्रप्रवर्तन हा शब्द आपल्या दीक्षाभूमीचाही आहे.

नावाचं म्हणाल, तर इमारतीच्या दारावर किंवा पासपोर्टच्या वेष्टनावर ते राजचिन्ह. कागदावर अधिकाराने उमटवलं की राजमुद्रा. लोक दोन्हीकडे राजमुद्रा म्हणतात, त्यांना टोकायला मी जाणार नाही, पण लिहिताना हा फरक पाळावा असं माझं मत आहे. बोधचिन्ह हा शब्द मात्र संस्था, संमेलन, स्पर्धा यांच्यासाठी ठेवा. बोधचिन्ह कोणीही करून घेऊ शकतं. राजचिन्ह खासगी पत्रावर छापायला 2005च्या कायद्याने मनाई आहे.

आणि ताई, प्रतिज्ञापत्राचा मजकूर संपल्यावर खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तुम्ही पेनने तिरपी रेघ ओढता ना? तेच मोर्तब.